शस्त्रे आणि लष्करी सामग्री परदेशात विकायची असेल तर: निर्यात परवाना कसा मिळवावा

परदेशातून चौकशीचा मेल येतो. अमुक मापाच्या रायफलचे बॅरल हवे, किंवा बुलेटप्रूफ जॅकेटच्या प्लेटा हव्यात, भाव सांगा, किती दिवसांत पाठवाल तेही सांगा. मोठी ऑर्डर दिसते आणि हात लगेच कोटेशनकडे जातो. इथेच थांबायचे. इतर व्यापारात जे मना केलेले नाही ते पाठवता येते. शस्त्रांच्या व्यापारात उलट आहे. सरकारने लेखी परवानगी दिल्याशिवाय काहीही पाठवता येत नाही, आणि काही देशांत विशिष्ट ग्राहकांपुढे विक्रीचा प्रस्ताव ठेवायलाही आधी मंजुरी लागते.

हा लेख लहान उत्पादक, सुटे भाग बनवणारे कारखानदार, व्यापारी आणि हे नियम समजून घेऊ इच्छिणारा सामान्य वाचक यांच्यासाठी आहे. देशागणिक कायदे वेगळे असले तरी त्यांचा सांगाडा बराचसा सारखा आहे. पायऱ्याही बहुतेक सगळीकडे याच क्रमाने येतात.

आधी वस्तू नेमकी कशात मोडते ते ठरवा

नियंत्रित वस्तूंची यादी प्रत्येक देशाची आपली असते, पण अनेक याद्यांचा मूळ साचा एकच आहे: १९९६ साली सुरू झालेल्या वासेनार व्यवस्थेची, म्हणजे शस्त्रांच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या गटाची, लष्करी सामग्रीची यादी. तिच्यात २२ विभाग आहेत. पहिल्या विभागात १२.७ मिलिमीटरपर्यंतच्या बंदुका, दुसऱ्यात त्याहून मोठी हत्यारे, तिसऱ्यात दारूगोळा. पुढे वाहने, जहाजे, विमाने आणि चिलखती संरक्षण येते. शेवटचे दोन विभाग पुष्कळांच्या लक्षातच येत नाहीत. एकविसावा सॉफ्टवेअरचा आहे आणि बाविसावा तंत्रज्ञानाचा, म्हणजे ड्रॉइंग, प्रक्रियेची माहिती, चाचणीचे आकडे.

यादी वाचताना एका शब्दप्रयोगावर बोट ठेवून वाचा: ‘लष्करी वापरासाठी खास रचलेले किंवा बदललेले’. साधा ट्रक यादीत येत नाही. त्याच ट्रकला चिलखत चढवले किंवा शस्त्र बसवण्याची सोय केली की तो यादीत येतो. बाजारात सर्रास मिळणारा बोल्ट यादीबाहेर आहे, पण तोफेच्या गाडीसाठीच रचलेला भाग यादीत येतो. वस्तू लष्करी यादीत नसली तरी काम संपत नाही, कारण दुहेरी वापराच्या, म्हणजे नागरी आणि लष्करी दोन्ही कामांना चालणाऱ्या, वस्तूंची दुसरी यादी असते. थर्मल कॅमेरे, काही सेन्सर, काही मशीन टूल तिथे सापडतात. क्षेपणास्त्रे आणि ड्रोन असतील तर १९८७ सालची क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थाही पाहावी लागते. ५०० किलो भार ३०० किलोमीटर नेऊ शकणाऱ्या यंत्रणेवर तिची सर्वात कडक नजर असते.

शिकारीच्या आणि नेमबाजीच्या बंदुकांबद्दल बराच गैरसमज आहे. काही क्रीडा-बंदुका लष्करी यादीतून वगळलेल्या असतात, म्हणून त्या मोकळ्या आहेत असे लोक धरून चालतात. त्यांना नागरी बंदुकांचा कायदा लागू असतोच. युरोपीय संघाने अशा बंदुकांच्या निर्यातीसाठी २०१२ साली स्वतंत्र नियम केला, तो याच कारणाने.

आणखी एक चूक क्लिअरिंग एजंटच्या टेबलावर होते. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात ९३ वे प्रकरण शस्त्रांचे आहे. तो कोड शुल्क आणि आकडेवारीसाठी आहे, निर्यात नियंत्रणाची यादी वेगळी. रणगाडे ८७१० या शीर्षकाखाली, म्हणजे वाहनांच्या प्रकरणात मोडतात. त्यामुळे ‘माझा कोड ९३ ने सुरू होत नाही, मग परवाना कशाला’ हा युक्तिवाद टिकत नाही. शंका असेल तर वर्गीकरणाबद्दल परवाना देणाऱ्या खात्याकडून लेखी उत्तर मागवा आणि ते फाइलला लावा. तोंडी सल्ल्याला पुढे कोणी विचारत नाही.

कोणत्या दारात जायचे

अमेरिकेत लष्करी सामग्रीचा कारभार १९७६ च्या शस्त्र निर्यात नियंत्रण कायद्याखाली परराष्ट्र खाते पाहते. मात्र अर्धस्वयंचलित आणि साध्या बंदुकांपैकी बहुतेकांचा परवाना मार्च २०२० पासून वाणिज्य खात्याकडे गेला. ब्रिटनमध्ये २००२ च्या निर्यात नियंत्रण कायद्याखाली एकच संयुक्त कक्ष अर्ज घेतो. जर्मनीत युद्धाची शस्त्रे म्हणून ठरवलेल्या वस्तूंना वेगळा कायदा आहे, बाकी लष्करी सामग्रीला वेगळा. भारतात स्कोमेट यादीच्या, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंच्या सरकारी यादीच्या, सहाव्या विभागातील लष्करी सामग्रीचे परवाने संरक्षण उत्पादन विभाग देतो, आणि बंदुकांना १९५९ चा शस्त्र कायदा त्याशिवाय लागू असतो. आपल्या वस्तूला एक परवानगी पुरते की दोन, हे सुरुवातीलाच विचारून घ्या.

पुष्कळ ठिकाणी अर्जाआधी नोंदणी लागते. अमेरिकेत तर लष्करी सामग्रीचा उत्पादक एकही वस्तू निर्यात करत नसला तरी त्याला नोंदणी करावी लागते. माल स्वतःच्या हातातून जात नसेल, दोन परक्या पक्षांमध्ये सौदा फक्त जुळवून दिला असेल, तरी दलालीचे नियम अनेक देशांत लागू होतात.

वस्तूत परदेशी भाग असतील तर त्या देशाचा कायदाही तुमच्याबरोबर प्रवास करतो. अमेरिकी लष्करी यादीतला एखादा भाग तुमच्या यंत्रात बसवला, तर ते यंत्र तिसऱ्या देशाला विकताना अमेरिकी सरकारची परवानगी लागते. तो भाग किती लहान किंवा किती स्वस्त आहे याने फरक पडत नाही. म्हणून सुट्या भागांची यादी करताना प्रत्येक भागाचा मूळ देश आणि त्याचे वर्गीकरण पुरवठादाराकडून लिहून घ्या. मशीन तयार झाल्यावर ही माहिती गोळा करणे फार जड जाते.

देश आणि माणूस, दोन्ही तपासा

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे शस्त्रबंदीचे ठराव आधी पाहा. काही बंदी संपूर्ण देशावर असते, जशी उत्तर कोरियावर २००६ पासून आहे. काही फक्त एखाद्या गटावर असते, जशी येमेनमधील हुथी बंडखोरांवर २०१५ पासून. हे ठराव बदलतात, शिथिल होतात, नव्याने लागू होतात, म्हणून जुन्या तक्त्यावर विसंबू नका. त्यानंतर आपल्या देशाची यादी आणि निर्बंधित व्यक्ती-कंपन्यांची यादी. खरेदीदार, त्याचे मालक, बँक, वाहतूकदार आणि मधला एजंट, सगळ्यांची नावे तिथे ताडून पाहावीत.

बंदी नसली म्हणजे परवाना मिळेलच असे नाही. डिसेंबर २०१४ मध्ये अमलात आलेला शस्त्र व्यापार करार सदस्य देशांना प्रत्येक निर्यातीआधी जोखीम तपासायला लावतो: या शस्त्राने मानवतावादी कायद्याचे किंवा मानवी हक्कांचे गंभीर उल्लंघन होईल का, ते दहशतवाद्यांकडे किंवा संघटित गुन्हेगारांकडे जाईल का. युरोपीय संघाच्या २००८ च्या सामायिक भूमिकेत असे आठ निकष आहेत. त्यांत घेणाऱ्या देशातील अंतर्गत परिस्थिती, त्या भागातील शांतता आणि माल दुसरीकडे वळण्याचा धोका येतो. अधिकारी हेच प्रश्न विचारणार आहेत. ते आधी स्वतःला विचारा, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर अर्जच करू नका.

अंतिम वापरकर्ता: सगळ्या प्रक्रियेचे हृदय

माझ्या मते बाकी सगळे कागद या एका कागदाभोवती फिरतात. रायफल नीट ठेवली तर कित्येक दशके चालते. ती विकत घेणारे सरकार, खाते किंवा अधिकारी तेवढे टिकतीलच असे नाही. म्हणून माल कोणाला विकला याहून तो शेवटी कोणाकडे राहणार, हे परवाना देणाऱ्याला जाणून घ्यायचे असते.

त्यासाठी अंतिम वापरकर्ता प्रमाणपत्र, म्हणजे व्यवहारातले एंड यूजर सर्टिफिकेट, लागते. त्यात वापरणाऱ्या संस्थेचे पूर्ण नाव-पत्ता, वस्तूचे वर्णन, संख्या, वापराचा हेतू, परवानगीशिवाय पुढे कोणाला देणार नाही अशी हमी, आणि सही करणाऱ्याचे नाव व हुद्दा असावा. मधल्या व्यापाऱ्याची सही अंतिम वापरकर्त्याची सही होत नाही. ‘संरक्षण मंत्रालयाला पुरवठा करण्यासाठी’ एवढे मोघम वाक्यही पुरेसे धरू नका. कोणते दल, कोणते ठिकाण, हे विचारा.

कागद हाती आला की तो खरा आहे का ते पाहा. त्यावरच्याच फोनवर फोन करण्यात अर्थ नाही. संस्थेचा क्रमांक स्वतंत्रपणे शोधा किंवा दूतावासामार्फत पडताळणी मागा. काही खुणा दिसल्या की सावध व्हा: लहानशा दलाला न शोभणारी प्रचंड संख्या, ज्या दलाकडे ते हत्यारच नाही त्याने मागितलेले सुटे भाग, पोहोचवण्याचा पत्ता म्हणून मालवाहतूक कंपनीचे गोदाम, रोख पैसे देण्याची तयारी, बसवणे आणि प्रशिक्षण नको असा आग्रह, प्रवासाचा विनाकारण वळसा.

हे किती गंभीर आहे ते जर्मनीतील दोन खटल्यांवरून कळते. हेकलर अँड कोख या बंदुका बनवणाऱ्या कंपनीच्या ४ हजारांहून अधिक रायफली मेक्सिकोत अशा राज्यांत पोहोचल्या जिथे त्या जायला नको होत्या. कागदांवर मात्र दुसऱ्या राज्यांची नावे होती. २०१९ मध्ये श्टुटगार्टच्या न्यायालयाने कंपनीकडून ३७ लाख युरो वसूल करण्याचा निकाल दिला आणि दोन माजी कर्मचाऱ्यांना निलंबित शिक्षा सुनावल्या. त्याच वर्षी कील येथे झिग झावर या दुसऱ्या बंदूक कंपनीचे प्रकरण निकाली निघाले. हजारो पिस्तुलांसाठी अंतिम देश अमेरिका लिहिला होता आणि ती गेली कोलंबियात. दोन्ही ठिकाणी परवाना होता. त्याला आधार असलेले निवेदन खोटे होते.

बंदुकांच्या बाबतीत आणखी दोन कागद लागतात. २००५ पासून अमलात असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बंदुकविषयक नयाचारानुसार (प्रोटोकॉल) घेणाऱ्या देशाचा आयात परवाना आणि वाटेतल्या देशांची लेखी हरकत नसल्याची कळवणी आल्यावरच निर्यात परवाना द्यायचा असतो. मार्ग ठरवताना जहाज कुठल्या बंदरात थांबणार आहे ते म्हणूनच आधी विचारावे.

करार, अर्ज, रवानगी

करारात ‘निर्यात परवाना मिळाला तरच बंधनकारक’ हे कलम घाला. परवाना नाकारला किंवा नंतर रद्द झाला तर आगाऊ रकमेचे काय, हेही लिहा. पुरवठ्याची तारीख परवान्याच्या तारखेपासून मोजा, ऑर्डरच्या तारखेपासून नको.

अर्जात संख्या, किंमत, मॉडेल, कन्साइनीचे (माल स्वीकारणाऱ्याचे) नाव सगळ्या कागदांवर अक्षरशः सारखे हवे. करारात ५००, प्रमाणपत्रात ५२० असे असले की फाइल परत येते. प्रदर्शन, चाचणी किंवा दुरुस्तीसाठी माल तात्पुरता जाणार असेल तर त्याचा परवाना वेगळा असतो. तो माल ठरल्या मुदतीत परत आल्याचा पुरावाही द्यावा लागतो.

रवानगीआधी प्रत्येक बंदुकीवरचा अनुक्रमांक पॅकिंग लिस्टशी ताडा. काडतुसे धोकादायक मालाच्या पहिल्या वर्गात, स्फोटकांत मोडतात. त्यांचे पॅकिंग, लेबल आणि घोषणापत्र वेगळे असते, आणि प्रत्येक विमान किंवा जहाज कंपनी ती घेईलच असे नाही. माल टप्प्याटप्प्याने जात असेल तर परवान्यातली शिल्लक संख्या दर वेळी लिहून ठेवा.

न दिसणारी निर्यात

ड्रॉइंग मेलने पाठवणे ही निर्यातच आहे. परदेशी सर्व्हरवर फाइल ठेवणे किंवा लॅपटॉप घेऊन परदेशी जाणे हीसुद्धा निर्यात ठरू शकते. अमेरिकी नियमांत तर आपल्याच देशातल्या परदेशी नागरिकाला नियंत्रित तांत्रिक माहिती दाखवली तरी ती निर्यात मानली जाते. रात्री दिसणाऱ्या उपकरणांची माहिती बेकायदा बाहेर गेल्याबद्दल आयटीटी या कंपनीला २००७ मध्ये १० कोटी डॉलरचा दंड झाला. म्हणून कोणती फाइल कोणी उघडू शकतो हे ठरवा, आणि कारखान्यात येणाऱ्या पाहुण्यांची नोंद आधीच घ्या.

माल पोहोचल्यावर

पोहोच मिळाल्याची लेखी पावती मागवा. सरकारही स्वतः जाऊन पाहू शकते. अमेरिका १९९० पासून अशी पडताळणी करते, जर्मनीनेही २०१५ मध्ये जागेवर जाऊन तपासण्याचा निर्णय घेतला. करारात खरेदीदाराकडून या भेटीला संमती घेऊन ठेवा. कागद अमेरिकी नियमांप्रमाणे किमान ५ वर्षे ठेवावे लागतात. बंदुकांच्या नोंदी सरकारांनी निदान १० वर्षे जपाव्यात असे नयाचार सांगतो, तेव्हा विक्रेत्यानेही तेवढी वर्षे ठेवलेल्या बऱ्या.

चूक लक्षात आली, म्हणजे संख्या जास्त गेली, मुदत संपल्यावर माल निघाला किंवा मेल चुकीच्या माणसाला गेला, तर उरलेली रवानगी लगेच थांबवा, कागद जसेच्या तसे ठेवा आणि वकिलाच्या मदतीने परवाना देणाऱ्या खात्याला स्वतःहून कळवा. अनेक देशांत अशी कबुली शिक्षा ठरवताना विचारात घेतात. आणि काही वर्षांनी तोच ग्राहक जुना माल शेजारच्या देशाला द्यायचा म्हणून विचारू लागला, तर स्वतः होकार देऊ नका. त्याचा अर्ज मूळ परवाना देणाऱ्या खात्याकडे पाठवा आणि लेखी उत्तर येईपर्यंत त्याला सुटे भागही पाठवू नका.