मॅमिलारियाला फुले येण्यासाठी

खिडकीत मावणाऱ्या लहान निवडुंगांमध्ये मूळचा मुख्यतः मेक्सिकोतला मॅमिलारिया मला सर्वांत प्रिय आहे, कारण त्याची छोटी गुलाबी किंवा पिवळसर फुले शेंड्याभोवती गजऱ्यासारखी गोलाकार उमलतात. झाड ठणठणीत दिसते पण फूल येत नाही, असे अनेकांच्या बाबतीत घडते, आणि त्याचे कारण बहुधा हिवाळ्यातही चालू ठेवलेले पाणी हे असते.

मूळ प्रदेशात पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि हिवाळा कोरडा व थंड असतो. त्या काळात वाढ थांबते आणि झाड कळ्यांसाठी सिद्ध होते. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत पाणी जवळजवळ बंद ठेवावे आणि कुंडी भरपूर उजेडात, रात्रीचा गारवा लागेल अशा जागी ठेवावी. पुणे-नाशिककडच्या थंड रात्री याला फार मानवतात; मुंबईत आणि कोकणात तेवढी थंडी नसल्यामुळे पाणी तोडणे आणि ऊन देणे यांवरच अधिक भिस्त ठेवावी लागते. या दिवसांत झाड थोडे आक्रसते, पण त्याला घाबरून पाणी घालू नये. कळ्या स्पष्ट दिसू लागल्यावर पाणी हळूहळू सुरू करावे. फुले साधारणपणे मागील हंगामात वाढलेल्या गाठींच्या (झाडाच्या अंगावरच्या काटेरी उंचवट्यांच्या) बेचक्यांतून येतात, त्यामुळे यंदा झाड सावलीत राहिले तर त्याची किंमत पुढच्या वर्षी मोजावी लागते.

कुंडी लहान आणि तळाला भोक असलेली घ्यावी. माती व कंपोस्ट मिळून निम्मे आणि उरलेले निम्मे जाड वाळू व विटांचे बारीक तुकडे, असे मिश्रण वापरावे. वाढीच्या काळात तळातून निथळेपर्यंत पाणी घालावे आणि माती पूर्ण सुकल्याशिवाय पुन्हा घालू नये. रोजचे चमचाभर पाणी मुळांपर्यंत नीट पोहोचतही नाही. पावसाळ्यात मात्र कुंडी छपराखाली, वाऱ्यावर ठेवावी, कारण आपल्याकडच्या संततधारेत मूळ कुजायला फार दिवस लागत नाहीत.

गाठींच्या फटींत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर ते नैसर्गिक लोकर आहे की पिठ्या ढेकूण, हे काडीने हलवून पाहावे. कीड असल्यास स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने ती टिपून काढावी आणि स्पिरिट सुकेपर्यंत झाड सावलीत ठेवावे.

फुलांनंतर काही महिन्यांनी बऱ्याच जातींवर मिरचीसारखी लाल फळे डोकावतात. त्यांतील बी धुऊन, वाळवून, चाळलेल्या वाळूमिश्रित मातीवर नुसते पसरले आणि ओलावा टिकवला, तर नवी रोपे घरीच तयार करता येतात.