सोयाबीनची थैली: काय स्वतः तपासायचं, काय दुसऱ्याच्या शब्दावर घ्यायचं

सोयाबीनचा दाणा तळहातावर घेतला तर तो भरलेला आहे की फुटका, एवढं कळतं. वाण कोणता, हे कळत नाही. ते फुलाचा रंग, शेंगेवरची लव आणि पिकायला लागलेले दिवस यांवरून कळतं, पण तोवर पेरा होऊन महिने गेलेले असतात. म्हणजे वाणाच्या बाबतीत कोणाचा तरी शब्द घ्यावाच लागतो. उगवणीच्या बाबतीत मात्र तशी गरज नाही, ती घरच्या ओसरीत आठवडाभरात कळते.

शब्द कोणाचा, ते टॅगच्या रंगावरून पाहा. निळा टॅग म्हणजे प्रमाणित बियाणं. बीज प्रमाणीकरण यंत्रणेच्या माणसाने उभ्या पिकात वावर पाहिलेलं असतं आणि नमुना प्रयोगशाळेत गेलेला असतो. या यंत्रणेचं मुख्य कार्यालय आपल्या अकोल्यातच आहे. हिरवट टॅग म्हणजे सत्यप्रत. इथे विकणारी कंपनी स्वतःच स्वतःची साक्ष देते. त्यामुळे ते बियाणं खोटं ठरत नाही, पण एक साक्षीदार कमी असतो. टॅगवर लॉट नंबर, तपासणीची तारीख, मुदत आणि उगवणशक्ती वाचा. सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण आणि ९८ टक्के भौतिक शुद्धता लागते. टॅगवरचा आणि बिलावरचा लॉट नंबर जुळलाच पाहिजे. ‘बिल नंतर घेऊन जा’ असं ऐकू आलं तर थैली काउंटरवरच राहू द्या.

थैली आपटू नका. सोयाबीनची साल पातळ असते, आपटल्याने आतला अंकुर दुखावतो आणि मग दोष बियाण्यावर जातो. फोडताना खालच्या बाजूने फोडा, म्हणजे वरची शिवण आणि टॅग शाबूत राहतात.

आता उगवण. वरचे, मधले, तळचे असे मूठ-मूठ दाणे काढून मिसळा आणि त्यातून न निवडता १०० मोजा. इथेच बहुतेकजण चुकतात. बोटं आपोआप टपोरा दाणा उचलतात, घरी आकडा फुगतो आणि वावरात तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, विरळ दिसतात. गोणपाटाचा तुकडा धुऊन, ओला करून पिळा. ज्यात खत किंवा औषध ठेवलं होतं ते पोतं नको. त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी लावा, दोन दाण्यांत दीड-दोन सेंटिमीटर जागा सोडा, वरून दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करा आणि सुतळीने सैल बांधून सावलीत ठेवा. ओल टिकेल इतकंच पाणी रोज शिंपडा. दाणे आधी भिजवून ठेवू नका, एकदम पाणी ओढलं की डाळी चिरतात. असे तीन संच करा.

सहाव्या-सातव्या दिवशी गुंडाळी उघडा. मूळ आणि कोंब दोन्ही धड असतील तेच मोजा. नुसता फुगलेला, बुरशी धरलेला, मूळ तुटलेला दाणा सोडा. तिन्ही संचांची सरासरी ७० आली तर एकरी ३० किलो पेरा. कमी आली तर ३० ला ७० ने गुणून आलेल्या आकड्याने भागा. ६० ला ३५ किलो होतात. उगवण ६० च्या खाली असेल तर पेरू नये, असं आमचं मत.

घरचं बियाणं ठेवलं तर वाणाची साक्षही तुमचीच. सोयाबीनचा वाण सरळ, म्हणजे संकरित नसलेला, असल्याने हे जमतं. संकरित पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) सरकीला जमत नाही, ती दरवर्षी विकतच घ्यावी लागते.

धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, सल्ला म्हणजे ‘अमुक वाण एकरी दहा पोती देतो’. पोतं किती किलोचं, काट्यावर मोजलं की अंदाज, ओलित होतं का, आणि हे स्वतः काढलं की सासुरवाडीत ऐकलं, एवढं विचारा. शेवटच्या प्रश्नावर माणूस अडखळला की उत्तर मिळालं.

पावसाचंही तसंच. हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस, ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५०. तुमचं वावर त्यात येईलच असं नाही. महसूल मंडळाचं पर्जन्यमापक दूर असतं, तिथला आकडा तुमचा धरू नका. सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा डबा झाडापासून लांब उघड्यावर ठेवा, रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाण्याची खोली मोजून ओता. मिलिमीटरमधली खोली म्हणजेच पाऊस. बेरीज ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय तिफन काढू नका.

पेरल्यावर टॅग, रिकामी थैली, बिल आणि मूठभर दाणे एका पिशवीत घालून उंदीर लागणार नाहीत अशा जागी टांगा. उगवलं नाही तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. दुबार पेरणीची घाई असली तरी पाहणी होण्याआधी वावर मोडू नका. एकदा मोडलं की, न उगवल्याचा पुरावा मातीत जातो.