एस ॲटर्नी दुसऱ्यांदा खेळताना: कुठे रेंगाळायचं, कुठे पळवायचं

‘एस ॲटर्नी’ ही बचाव पक्षाच्या वकिलाची व्हिडिओ गेम मालिका: आधी खुनाचा तपास, मग कोर्टात खटला. खुनी कोण हे ठाऊक असताना ती पुन्हा खेळायला घेतली, की कोड्यापेक्षा खटल्याची गती जास्त जाणवते. पहिल्या तीन खेळांची 2019 ची ट्रिलॉजी यासाठी पुरेशी आहे. स्टीम, स्विच, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, कशावरही चालते आणि तिच्यात एकूण 14 प्रकरणं आहेत.

हिंजवडीहून घरी येऊन जेवण उरकेपर्यंत साडेनऊ वाजतात, हे धरूनच बेत आखा. एका रात्री एक तपास, नाहीतर कोर्टाच्या दिवसाचा अर्धा भाग. मधल्या सुट्टीत खेळ स्वतःच सेव्ह करायचं का विचारतो, तिथे उठा. उलटतपासणी अर्धवट सोडू नका. सेव्ह होईल, पण साक्षीदार तीन वाक्यांपूर्वी नेमकं काय म्हणाला ते दुसऱ्या दिवशी डोक्यात राहत नाही आणि साक्ष पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागते.

कोर्टात चुकीचा पुरावा पुढे केला की दंड बसतो. दुसऱ्या फेरीत तो बसतो बहुतेक वेळा घाईमुळे. पहिलंच प्रकरण घ्या. साक्षीदार दुपारी एकची वेळ सांगतो, ती शवविच्छेदन अहवालाने खोडायची. मग तो टीव्हीचा आवाज पुढे करतो, त्याला वीज गेल्याची नोंद दाखवायची. त्यानंतर कुठे पुतळ्यातल्या घड्याळाची पाळी येते. घड्याळाचं गुपित आठवतं म्हणून पुतळा आधीच पुढे केलात, तर पुरावा खरा असूनही दंड बसतो, कारण खेळ त्या क्षणीच्या वाक्यातली विसंगती मागतो. तीन थापा, तीन पुरावे, मध्ये फापटपसारा नाही. गतीच्या दृष्टीने हे छोटं प्रकरण फार देखणं आहे.

वाचलेला मजकूर पुढे पळवायची सोय तपासात खुशाल वापरा, कोर्टात मात्र नको. तिथे अक्षरं मध्येच अडखळतात, संगीत एकदम थांबतं, साक्षीदार कोंडीत सापडला की उलटतपासणीची चाल द्रुत होते. खटल्याचा ताण यातूनच उभा राहतो. त्यामुळे हेडफोन लावूनच खेळा. गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत संध्याकाळी जवळपास ढोल-ताशा पथकाचा सराव असेल, तर कोर्ट रात्री उशिरासाठी ठेवा आणि तेवढ्या वेळात तपास उरका.

तपास अडतो तेव्हा बहुधा एखादी बारीक गोष्ट राहिलेली असते. आधी समोरच्या माणसाशी सगळे विषय बोलून घ्या. मग नवा पुरावा त्याला दाखवा. काही ठिकाणी चित्र आडवं सरकतं, त्याची दुसरी बाजू तपासा. तरीही पुढे सरकत नसेल, तर आधीच्या जागी परत जा. जुन्या खेळांत ही पायपीट खरोखरच जास्त आहे.

आता क्रम. पहिल्या खेळातली चार प्रकरणं सलग खेळा आणि पाचवं, ‘राइज फ्रॉम द ॲशेस’, बाजूला ठेवा. 2001 च्या मूळ खेळात ते नव्हतं. तिसरा खेळ 2004 मध्ये आल्यावर, 2005 च्या निन्टेन्डो डीएस आवृत्तीत ते जोडलं गेलं. चौथ्या प्रकरणाचा कळस ओसरत असतानाच पुरावे फिरवून बघणं, रक्ताचे पुसलेले डाग दाखवणारं ल्युमिनॉल फवारणं, बोटांचे ठसे उमटवणं सुरू होतं आणि वेग मंदावतो. पहिल्यांदा खेळणाऱ्याने मात्र क्रम मोडू नये. सरकारी वकील एजवर्थचं पुढे काय होतं, त्याचा धागा याच प्रकरणात आहे.

पहिल्या खेळात दंड उद्गारचिन्हांनी मोजला जातो, दुसऱ्यात त्यांच्याऐवजी जीवनपट्टी येते आणि चुकांचा भार पुढे नेते. समोरच्याने दडवलेल्या गुपितांवरची मनाची कुलपं पुरावे दाखवून उघडली की ती भरते, म्हणून शेवटच्या कोर्टाआधी वेगळ्या स्लॉटमध्ये सेव्ह करा. सर्कशीचं प्रकरण मालिकेतलं सगळ्यात रेंगाळणारं. ते गाळू नका, पण एका बैठकीत संपवायचा हट्टही नको.

तिसऱ्या खेळाची बांधणी सर्वांत उत्तम. पहिलं आणि चौथं प्रकरण फक्त कोर्टातलं, नायकाची गुरू असलेली वकील मिया फे हिच्या भूतकाळातलं. लांब तपासांमधून श्वास घ्यायला तिथे जागा मिळते. चौथं आणि पाचवं मात्र लागोपाठ खेळा, मध्ये आठवडा गेला तर जुळलेले धागे सुटतात.

मग बाजूला ठेवलेलं ‘राइज फ्रॉम द ॲशेस’ घ्या आणि त्याला लागून 2007 चा चौथा खेळ ‘अपोलो जस्टिस’ (तो या ट्रिलॉजीत नाही). वैज्ञानिक तपासाचं वेड असलेली एमा स्काय दोन्हींत आहे. हे दोन पाठोपाठ खेळले की मधल्या वर्षांत तिच्यात झालेला बदल ठसठशीत दिसतो, आणि पहिल्या खेळात जड वाटलेली ती ठशांची, फवाऱ्याची कामं इथे आपल्या जागी बसतात.