रिटायर व्हायला वर्ष राहिलं की वही काढा

माझा वाढदिवस १ जून. गावाकडच्या शाळेत गुरुजींनी ज्या पोरांच्या तारखा अंदाजानं टाकल्या, त्या बहुतेकांचा १ जूनच. त्या हिशोबानं ३० जून २०२३ ला मी टूलरूममधून, म्हणजे कारखान्यातले डाय (पत्रा कापायचे साचे) बनवून दुरुस्त करणाऱ्या विभागातून, रिटायर झालो. औंधच्या आयटीआयमधून फिटर, एक वर्ष अप्रेंटिस, १ नोव्हेंबर १९८७ ला पर्मनंट, आणि तेव्हापासून चिंचवडच्या पट्ट्यातली एकच कंपनी. ज्यांचं आता वर्ष राहिलंय ते सोबती भेटले की विचारतात, काय काय करून ठेवायचं? एक वही आणा, तिथून सुरुवात करा.

पहिलं पान तारखांचं. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, पीएफ आणि कंपनीचं सर्व्हिस रेकॉर्ड, या पाच ठिकाणची जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग एकाखाली एक उतरवून घ्या. माझ्या पीएफला जूनच्या जागी जानेवारी पडला होता. कुणीतरी हातानं फॉर्म भरताना झालेली चूक, पण दुरुस्तीच्या जॉइंट डिक्लरेशनवर (कामगार आणि मालक दोघांच्या अर्जावर) तेव्हा मालकाची मंजुरी लागली आणि त्या धावपळीत माझे चार महिने गेले. नोकरीत होतो म्हणून जेवणाच्या सुट्टीत एचआरला जाऊन बसता तरी आलं. बाहेर पडल्यावर त्याच कामाला गेटपास काढून ताटकळावं लागतं. ई-नॉमिनेशन, म्हणजे पीएफला वारसाचं नाव ऑनलाइन लावणं, तेही याच वेळी उरकून टाका.

ग्रॅच्युइटीचा हिशोब स्वतः करा. शेवटचा बेसिक अधिक डीए, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले २६. महिन्याच्या तीस दिवसांनी भागायचं नाही, इथं बरेच जण चुकतात. सहा महिन्यांच्या वर गेलेलं वर्ष पूर्ण धरतात. माझी नोकरी ३५ वर्षं ८ महिने, म्हणजे ३६. बेसिक-डीए ४२,००० असेल तर ८,७२,३०७ रुपये होतात. तीसनं भागलंत तर लाखाच्या वर फरक पडतो. अप्रेंटिसचं वर्ष यात येत नाही. साठलेल्या रजांचे पैसे मिळत असतील तर खासगी नोकरीत एप्रिल २०२३ पासून २५ लाखांपर्यंत त्यावर कर नाही, आधी ही मर्यादा ३ लाख होती.

पेन्शनबद्दल मात्र घरात आधीच बोलून घ्या. सरकारी नोकरीतल्या मेव्हण्यासारखी अर्धा पगार पेन्शन आपल्याला नाही. आपली ईपीएस, म्हणजे पीएफबरोबरची पेन्शन योजना, १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची. सूत्र सोपं आहे, पगार गुणिले वर्षं भागिले ७०. पण त्यातला पगार तुमचा खरा पगार नव्हे. बहुतेकांचा तो जास्तीत जास्त १५,००० धरतात, आणि सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना ६,५०० च. पस्तीस वर्षं घासूनही माझी पेन्शन पाच हजारांच्या आत आली. रिटायर झाल्यावर हे कळून हादरलेली माणसं मी पाहिली आहेत. पीएफची रक्कम घराला रंग द्यायला आणि गाडीला उडवू नका, एवढं कळकळीनं सांगतो.

आता ज्याच्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसलो ते.

२०२२ च्या फेब्रुवारीत मुलीच्या लग्नासाठी तीन आठवडे रजेवर होतो. माझ्यामागे दोन मिलीमीटर जाडीच्या पत्र्यातून तुकडे कापणारा एक ब्लँकिंग डाय रीग्राइंडला, म्हणजे पुन्हा धार लावायला, उघडला गेला. इन्सर्टच्या, म्हणजे डायमध्ये बसवलेल्या तुकड्याच्या, मागे पाच शतांश मिलीमीटरची एक शिम (फट भरायची पट्टी) होती, कागदाइतकी पातळ, तेलानं काळी झालेली. साफ करताना ती कचरा म्हणून गेली. डाय एका बाजूला सरकला, जॉबला, म्हणजे कापून निघालेल्या तुकड्याला, एकाच कडेला बर (वर आलेली धारदार कोर) यायला लागला आणि अकराशे पीस रिजेक्ट झाले. माझ्या हाताखालच्या पोरानं दोन रात्री थांबून सगळं तपासलं आणि वर बोलणीही खाल्ली. ती शिम २००६ साली मी घातली होती. ड्रॉइंगवर नाही, हिस्टरी कार्डवर नाही, फक्त माझ्या डोक्यात. परत आल्यावर मी मॅनेजरसाहेबांना तसं स्पष्ट सांगितलं, पण पोराच्या त्या दोन रात्रींची रुखरुख अजून जात नाही.

म्हणून दुसरी वही टूलरूमची. प्रत्येक डायला एक पान. टेबलावर बसून आठवून लिहू नका, निम्मं सुटतं. डाय उघडा पडलेला असताना लिहा. खंडेनवमीच्या आधी सगळी साफसफाई निघते, तो आठवडा सोन्यासारखा, रॅकवरचे जुने डायही तेव्हा खाली उतरतात. आणि लिहायचं तुम्ही नाही, पोरानं. तुम्ही बोला, तो त्याच्या शब्दांत लिहील, अडेल तिथं विचारील. "काका, हे असंच का?" असं त्यानं विचारलं की समजा, तिथंच तुमचं न लिहिलेलं काहीतरी आहे.

लिहून होत नाही ते हातात जॉब देऊन दाखवा. कापलेली कड उजेडात धरायची. वरचा साधारण तिसरा हिस्सा चकचकीत आणि खालचा खरबरीत दिसला तर क्लिअरन्स, म्हणजे कापणाऱ्या दोन भागांमधली फट, ठीक. एका बाजूला चमक रुंद आणि समोरच्या बाजूला अरुंद असेल तर डाय सेंटरला नाही, आणि अरुंद चमकेकडे फट जास्त आहे. मग नख कडेवरून बाहेरच्या दिशेनं फिरवायचं, बर अडकतोच. हे मी त्याला पन्नासेक जॉबवर करायला लावलं. शेवटचे तीन महिने मी डायला हात लावला नाही, पाठीमागे हात बांधून उभा राहिलो. फार जड जातं, पण चुकला तर सांगायला तुम्ही तिथं आहात, तोवरच त्याला चुकू द्या. त्रेचाळीस डायची पानं भरून झाली तेव्हा माझे नऊ दिवस उरले होते.

किरकोळ कामं राहिली. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो, तेव्हा स्वतःची पॉलिसी आधीच बघा. पेन्शनचा १०-डी फॉर्म भरताना नवराबायकोचा एकत्र फोटो लागतो. हयातीचा दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्यापासून वर्षभर चालतो, नोव्हेंबरच्या गर्दीत जायची गरज नाही.

आपल्यामागे बायकोला निम्मी पेन्शन मिळते, पण कागद कुठं आहेत हे तिला माहीत हवं. माझ्या घरच्या वहीत पीपीओ (पेन्शन मंजुरीचा) नंबर, बँकेचं खातं, पॉलिसी हे सगळं तिच्या अक्षरात आहे. एका रविवारी सकाळी ती लिहीत होती, मी शेजारी बसून सांगत होतो. "हा नंबर कशाचा?" असं तिनं चार ठिकाणी विचारलं, आणि चारही ठिकाणी बाजूला लिहून घेतलं.