गाय पान्हा चोरायची, त्यावर सापडलेला उपाय

आमचा फिरता गोठा शाळांत आणि मेळ्यांत जातो. मुलांनी स्वतः धार काढून बघावी, यासाठीच तो आहे. पण घरी भरभरून दूध देणारी गाय मुलांच्या घोळक्यात पान्हा चोरायची. मुलं आचळ ओढत राहायची, हाती थेंबही नाही. मला फार वाईट वाटायचं, मुलांसाठी आणि त्याहून जास्त गाईसाठी.

कास चोळली की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे दूध उतरवणारं संप्रेरक सुटतं, मिनिटभरात पान्हा येतो आणि काही मिनिटांत ओसरतो. ती घाबरली, तर भीतीत सुटणारं अ‍ॅड्रेनॅलिन आड येतं. म्हणजे चूक आमच्या मांडणीची होती.

आता आम्ही 2 तास आधी पोचतो. ती उतरते, पाणी पिते, रवंथ करू लागते. रवंथ सुरू झाल्याशिवाय मुलांना आत सोडत नाही. गाईला थेट मागचं दिसत नाही, म्हणून मागे कठडा लावला. मुलं एकेक करून बाजूने, तिला दिसतील अशी येतात. पहिली धार तिच्या ओळखीचा माणूसच काढतो, मग प्रत्येकाला दोन-दोन धारा. बाकीच्यांसाठी रबरी आचळांची लाकडी गाय आहे, आणि अगदी लहानग्यांना तीच जास्त आवडते.

कच्चं दूध कुणाला प्यायला देत नाही. निघताना हात साबण-पाण्यानेच धुवायचे. शेणातल्या सगळ्या जंतूंना सॅनिटायझर पुरत नाही.

परवा एका मुलीच्या तळहातावर कोमट धार पडली, तेव्हा गाय शांतपणे रवंथ करत होती.