वाळलेला तेरडा इतक्यात उपटू नका

परतीचा पाऊस ओसरला की मुंबईत ऑक्टोबरचा उकाडा सुरू होतो, आणि दिवाळीच्या साफसफाईत बागेतली सुकलेली झाडंही कचऱ्यात जातात. तेरडा, झिनिया, कॉसमॉस, कोंबडा यांच्या बाबतीत ही घाई नको. पुढच्या वर्षाचं फुकटचं बी त्याच वाळक्या काड्यांवर असतं.

तेरड्याचं बोंड फिकट पडून टचटचीत फुगलं की बोट लागायचा अवकाश! फाका झटकन गुंडाळतात आणि तपकिरी बी लांब उडतं. जमिनीवरच्या वाफ्यात उडू द्या, पावसाळ्यात आपसूक उगवेल. ग्रिलमधल्या कुंडीतलं बी मात्र थेट खालच्या मजल्यावर पोचतं. तिथे बोंडांवर जुन्या मलमलीची सैल पुरचुंडी बांधा.

झिनिया आणि कॉसमॉसची फुलं देठासकट तपकिरी होऊ द्या. सदाफुलीच्या बारीक जोडशेंगा पिवळ्या पडताच काढा. गुलबक्षीचं मिऱ्यासारखं काळं बी विषारी असतं. घरात लहान मूल असेल तर रोज वेचून घ्या. नर्सरीतल्या संकरित झेंडूच्या बियांपासून तशीच फुलं मिळतील, या भरवशावर राहू नका.

बी पडलेली माती खोल खणू नये, त्यावर पालापाचोळ्याचा जाड थरही नको. सगळं बी मातीवर सोडून देण्यातही शहाणपण नाही. रोज पाणी घालता त्या कुंडीतलं बी दिवाळीतच उगवून बसतं, आणि जूनच्या पहिल्या मुसळधार सरीत चिनी गुलाबाचं धुळीसारखं बी वाहून जातं. म्हणून निम्मं बी सावलीत वाळवून कागदी पुडीत, ती पुडी घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. इथल्या दमट हवेत नुसती पुडी टिकत नाही. गौरीला घरचा तेरडा हवा असेल तर जूनमध्ये पेरा. फुलायला साधारण दोन महिने लागतात.

पाऊस सुरू झाल्यावर खुरपं जरा आवरा. पहिली दोन पानं पाहून रोप आणि तण यांत फरक करणं अवघड जातं. पुढची पानं आली की तेरड्याच्या कातरलेल्या कडा आणि कॉसमॉसची चिरलेली पानं लगेच ओळखू येतात. मग तेरड्याच्या दोन रोपांत वीतभर अंतर ठेवून बाकीची काढा. ढगाळ दिवशी मातीच्या गोळ्यासकट उचललीत तर शेजाऱ्यांनाही देता येतील.

पिवळ्या-नारिंगी कॉसमॉसला मात्र मोकळं रान देऊ नका. हे मूळचं मेक्सिकोकडचं झाड आपल्याकडे डोंगरउतारांवर भसाभस पसरतं. येऊर, आरे किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानालगत राहत असाल तर बी धरण्याआधीच त्याची फुलं खुडा.