भरीत पार्टीचं आवतन: कोणाला, कधी, कसं

थंडी पडली की जळगाव, यावल, भुसावळकडे शेतोशेती भरीत पार्ट्या सुरू होतात. घरचीच माणसं असली तर चार वांगी कमी-जास्त चालतात. पण पंगतीला शेजारचं जैन कुटुंब, माळकरी काका, पुण्याची ऑफिसातली मंडळी आणि एखादा परदेशी पाहुणा असेल, तर निम्मं काम आवतन देतानाच उरकावं लागतं.

आधी माणसं मोजा. 'चूलबंद' सांगितलं तर त्या घरची लहानथोर सगळी येणार. 'घरटी एक' म्हटलं तर एकच. 'या एकदा भरीत खायला' याला आवतन म्हणत नाहीत. गावात सकाळी सांगून आल्यावरही पानं मांडायच्या वेळी पुन्हा बोलवायला जायची रीत आहे. ती पाळणारी जुनी माणसं दुसरं बोलावणं आल्याशिवाय उठत नाहीत, आणि आपण इकडे 'का नाही आले' म्हणत बसतो. वांगी जाळावर टाकली की फोन करा, म्हणजे सोलून होईपर्यंत ही माणसं पोचतात. शहरातल्यांना मात्र वेळ आणि शेताचं लोकेशन दोन्ही पाठवा. जर्मन पाहुण्याला सात सांगितले तर तो सातलाच येईल, त्यामुळे त्याला जेवणाची खरी वेळ सांगा, चूल पेटवायची नाही.

तारीख ठरवताना पंचांग बघा. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं न खाणारी घरं बरीच आहेत. काही जण तर चंपाषष्ठी झाल्यावरच वांगं खातात. एकादशीला माळकऱ्यांना बोलावू नका.

जैन पाहुण्यांना भरीत पार्टीला बोलावून ताटात नुसता वरणभात वाढणं हा पाहुणचार नव्हे. अनेक जैन घरांत वांगं बहुबीज म्हणून वर्ज्य, लसूण-कांदा कंदमूळ म्हणून वर्ज्य, शिवाय सूर्यास्तानंतर जेवण नाही. म्हणजे रात्रीचं भरीत तिन्ही बाजूंनी चुकतं. त्यांना दुपारी वरण-बट्टीला बोलवा: बट्टी उकडून, कापून तळलेली, बिनलसणाचं वरण, भरपूर तूप आणि वांग्याऐवजी गिलक्याची भाजी. संध्याकाळीच जमत असेल तर लक्षात ठेवा, डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पाचच्या आत ताट वाढलेलं हवं. काय चालतं ते घरातल्या मोठ्यांना विचारा, कारण प्रत्येक घराचे नियम वेगळे.

दहा माणसांना चार किलो भरिताची वांगी लागतात: मोठी, हिरवी, पांढऱ्या रेघांची. सुरीने टोचून घ्या, नाहीतर जाळात फुटतात. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या, जाळावर फिरवत भाजा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा, साल सहज निघते. नळाखाली धरून सोलू नका, धुराचा सगळा वास वाहून जातो. किलोमागे साठ-सत्तर ग्रॅम हिरव्या मिरच्या, लसणाचा एक गड्डा, मूठभर शेंगदाणे, थोडे खोबऱ्याचे काप, कांद्याची पात आणि कोथिंबीर. तेलात हात आखडला की भरीत कोरडं लागतं. मिरची-लसूण भाजून ठेचा, पण सगळं एकदम मिसळू नका. आधी एक तृतीयांश मिरची घालून बाहेरच्यांचं भरीत काढून घ्या, मग उरलेल्यात बाकीची मिरची. एकदा जहाल झालेलं भरीत दही घालून सावरत नाही. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी चार भाग आणि सालाचे उडीद एक भाग दळून आणा; दहा जणांना दोन किलो पीठ पुरतं.

खरी गडबड होते ती आग्रहात. आपल्याकडे पान रिकामं दिसलं की वाढणारा वाढणारच. जपानी पाहुण्याला ताट स्वच्छ करायची शिकवण असते; तो संपवतो, आपण वाढतो, तो पुन्हा संपवतो. बसायच्या आधीच त्याला सांगा: नको असेल तर ताटावर हात आडवा धरायचा. आणि वाढप्यालाही बजावा की हात आडवा दिसला तर वाढायचं नाही. आग्रह आपल्या माणसांवर करावा, ती भांडून नाही म्हणू शकतात.

पाहुणे म्हणून जाणार असाल तर पहिल्यांदा थोडंच घ्या, दुसऱ्यांदा मागा. त्यानेच घरच्यांना बरं वाटतं. 'नको' म्हणण्यापेक्षा 'अर्धी भाकरी द्या' म्हणावं. सतरंजीवर चपला नेऊ नका, उष्टा हात भरिताच्या पातेल्याला लावू नका. फळं किंवा मिठाई न्या. माळकरी घरच्या शेतात बाटली नको.

निघताना भरिताचा डबा द्यायचा मोह होतो. पातीचं भरीत बाहेर राहिलं तर दुसऱ्या दुपारपर्यंत आंबतं, आणि लांबच्या प्रवासाला तर नकोच. त्यापेक्षा चार कच्ची वांगी देठासकट कागदात गुंडाळून द्या, सोबत कळण्याचं पीठ.